गृहस्थाची जयणा : निशिगंधाच्या कुंडीवरची चिलटे

आषाढ लागला की डहाणूतील घराघरांतून एक तक्रार हमखास ऐकू येते. गॅलरीतल्या निशिगंधाला पाणी घालायला जावे, तर कुंडीच्या काठावरून काळ्या ठिपक्यांसारखी चिलटे उठतात. ती फार उंच जात नाहीत, दूरही जात नाहीत. मातीभोवतीच रेंगाळतात, खिडकीच्या काचेवर चढतात आणि सायंकाळी चौविहाराआधी घरातील मंडळी पानावर बसली की नेमकी ताटाभोवती येतात. सूर्यास्तापूर्वी जेवण्याचा नियम ज्या घरांत पिढ्यान्‌पिढ्या पाळला जातो, त्या घरांत अन्नात जीव पडणे ही साधी अडचण नसते. सासूबाई ताट बाजूला सारतात आणि म्हणतात, ‘‘सूनबाई, त्या कुंड्यांचं काहीतरी कर गं.’’

सूनबाई स्टेशनजवळच्या बाजारातून पिवळा चिकट कागद आणते. दुकानदाराने सांगितलेले खरे असते. तिसऱ्या दिवशी कागदावर पन्नासएक चिलटे चिकटलेली असतात. पण जवळ जाऊन पाहिले की त्यांतील कित्येकांचे पाय अजून हलत असतात. कागद काढावा तर आणलाच कशाला, आणि ठेवावा तर सकाळी सामायिकात बसताना तो डोळ्यांसमोर येतो. हे दृश्य कोणा एका घरचे नव्हे. डहाणू, बोर्डी, घोलवड, तलासरी या सगळ्या पट्ट्यात पावसाळ्याचे चार महिने समुद्राची दमट हवा आणि सततचा पाऊस असतो. ज्या श्राविकेने हौसेने निशिगंध, पावसाळी लिली किंवा अमरेलिसचे कंद कुंडीत लावले, तिच्यापुढे हा प्रश्न कधी ना कधी उभा राहतो.

आधी जीव ओळखावा. कुंडीभोवती उडणारे सगळेच लहान कीटक एक नव्हेत. केळी-चिकूच्या टोपलीवर घोंघावणारी, तपकिरी अंगाची आणि लाल डोळ्यांची ती फळमाशी; तिचा कुंडीशी संबंध नाही. पानाला धक्का लागताच पांढऱ्या भुकटीसारखी उडते ती पांढरी माशी. ती पानांच्या खालच्या बाजूस राहते. न्हाणीघराच्या भिंतीवर बसणारी, केसाळ पंखांची माशी मोरीतून येते. आणि मातीतून उठणारे, दोन ते चार मिलिमीटर लांबीचे, बारीक काळ्या अंगाचे व लांब पायांचे ते बुरशीचे चिलट. इंग्रजीत त्याला ‘फंगस नॅट’ म्हणतात आणि कीटकशास्त्र त्याला ‘सायॅरिडी’ कुळात ठेवते. हे चिलट चावत नाही, रक्त पीत नाही आणि डासासारखा माणसाला रोगही देत नाही. या गोष्टी नीट ध्यानात घ्याव्यात, कारण पुढचा विचार त्यांवरच उभा आहे.

पंख फुटल्यावर हे चिलट साधारण आठवडाभर जगते. तेवढ्या अवधीत मादी ओल्या मातीच्या वरच्या थरात शंभराहून अधिक अंडी घालू शकते. चार-सहा दिवसांत अंड्यातून पारदर्शक पांढुरकी, चकचकीत काळ्या डोक्याची अळी निघते. ती दोन आठवड्यांच्या आसपास मातीतच राहते, मग कोश होतो आणि काही दिवसांत पुन्हा चिलट बाहेर येते. सारा फेरा तीन ते चार आठवड्यांचा. अळीचा मुख्य आहार म्हणजे बुरशी, शेवाळ आणि कुजणारा पालापाचोळा. संख्या फार वाढली आणि खाद्य कमी पडले तर ती कोवळ्या मुळांकडे वळते. कंद आधीच मऊ पडला असेल तर त्यातही शिरते. निरोगी, टणक कंद मात्र ती सहसा फोडत नाही.

म्हणून चिलट हे कारण नसून बातमी आहे. ज्या कुंडीवर चिलटे सतत उठतात, त्या कुंडीत माती सुकत नाही, बुरशी धरली आहे आणि बहुधा कंदही कुजू लागला आहे, अशी ती बातमी. पिवळ्या कागदाने बातमी आणणारा मरतो. कंद खाली कुजतच राहतो. मग पुढच्या महिन्यात नवी चिलटे, नवा कागद आणि भाद्रपदात एके दिवशी पाने पिवळी पडून ओढताच हातात येणारा निशिगंध. दोष कीटकाचा, असे समजून तेव्हा औषधाची बाटली आणली जाते. खरे म्हणजे दोष पाण्याच्या झारीचा असतो, आणि झारीमागच्या मायेचा.

कंदाचा स्वभाव इथे समजून घ्यायला हवा. डहाणू-तलासरीच्या रानात पहिल्या पावसाबरोबर कळलावी वर येते, लाल-पिवळी फुले मिरवते आणि पाऊस सरल्यावर मातीत दिसेनाशी होते. उरलेले कोरडे महिने तिचा कंद जमिनीखाली झोपलेला असतो. वारली शेतकऱ्याला हे सांगावे लागत नाही. रानात कोणी तिला उन्हाळ्यात पाणी घालत नाही. निशिगंध मूळचा मेक्सिकोचा, आणि त्याच्या कंदाचीही घडण अशीच: ओल्या काळात वाढायचे, कोरड्या काळात साठवणीवर जगायचे. कंद म्हणजे वनस्पतीने स्वतःसाठी भरून ठेवलेले कोठार. ज्याच्याजवळ कोठार आहे त्याला रोज शिधा नको असतो. तुळशीला घालतो तसे रोज सकाळी तांब्याभर पाणी निशिगंधाला घातले, त्यावर पावसाची झड आली, खाली बशीत पाणी तुंबले, आणि मातीत अर्धवट कुजलेले शेणखत व कोकोपीट भरलेले असले, म्हणजे चिलटांना लागणारे सर्व काही तयार झाले.

शास्त्राने या सर्वांची गणना फार पूर्वी करून ठेवली आहे. जमिनीत वाढणारा कंद अनंतकाय. मातीवर चढणारे हिरवे शेवाळ आणि पांढरी बुरशी, ज्यांना आपल्या घरांत लील-फूग म्हणतात, तीही अनंतकाय. त्यांच्यावर येणारे चिलट माशी-डासांच्या वर्गातले, म्हणजे चतुरिंद्रिय. स्पर्श, रस, गंध आणि रूप ही चार द्वारे त्याला आहेत. फक्त कान नाही. एका वीतभर कुंडीत एवढी मोठी वस्ती असते. ती कशी निर्माण होते याविषयी परंपरा आणि कीटकशास्त्र वेगवेगळी भाषा बोलतात. परंपरा अशा जीवांना संमूर्च्छिम म्हणते, अनुकूल ओल व मळ मिळताच उद्भवणारे. कीटकशास्त्र मादीने घातलेले अंडे दाखवते. हा वाद विद्वानांनी करावा. घरातील श्राविकेला दोन्हींकडून उत्तर एकच मिळते: ओल नसेल तर उत्पत्ती नाही.

आणि जैन स्वयंपाकघर तर या एका वाक्यावरच चालत आले आहे. पावसाआधी डाळ-धान्य वाळवून, एरंडेल चोळून डब्यांत भरणे, पीठ थोडेथोडे दळून आणणे, वाटलेले-भिजवलेले रात्री न ठेवणे, ओटा आणि मोरी कोरडी करून मगच निजणे, पाणी गाळणे. या सर्वांत मारण्याची कृती कुठेही नाही. जीव उत्पन्न होईल अशी जागाच न ठेवणे, एवढेच आहे. याला जयणा म्हणतात. आश्चर्य एवढेच की जी गृहिणी डाळीच्या डब्यात ओला चमचा जाऊ देत नाही, तीच गॅलरीतील कुंडीखाली आठ दिवसांचे पाणी राहू देते. कुंडी घराबाहेरची, हौसेची, म्हणून जयणेच्या हद्दीबाहेरची, असा काहीसा समज झालेला दिसतो.

आता बाजारात व शेजारीपाजारी सुचवल्या जाणाऱ्या उपायांकडे पाहावे. पिवळा कागद चिलटाच्या डोळ्याला भुलवतो. साखर घातलेली व्हिनेगरची वाटी त्याच्या वासाला भुलवून बुडवते. बटाट्याची फोड मातीवर ठेवावी, अळ्या तिच्यावर जमतील, मग फोड अळ्यांसह फेकून द्यावी, हा तिसरा उपाय रसनेवर चालतो (आणि ज्या घरात बटाटा येतच नाही त्या घरी तो सांगणाऱ्याचे कौतुकच करावे). पतंग रूपाने मरतो, भुंगा गंधाने, मासा रसाने, हत्ती स्पर्शाने आणि हरिण नादाने, हे दृष्टान्त प्रवचनात ऐकताना आपण माना डोलावतो. घरी आणलेला प्रत्येक सापळा त्याच दृष्टान्ताची प्रतिकृती असतो. फरक इतकाच की या वेळी पारधी आपण असतो.

‘नैसर्गिक’ या शब्दाचाही एक भुलावा आहे. निंबोळी पेंड, कडुनिंबाचे तेल, मातीत मिसळायचे जिवाणू औषध, ही रासायनिक विषापेक्षा जमिनीला व माणसाला पुष्कळ सौम्य आहेत, यात शंका नाही. १९७६ साली इस्रायलच्या नेगेव वाळवंटात सापडलेला एक जिवाणू डासांच्या आणि चिलटांच्या अळ्यांवर जगभर वापरला जातो. तो अळीच्या आतड्यात विषारी ठरतो आणि माणसाला वा पक्ष्याला अपाय करत नाही. पण अळी त्याने मरते, मारण्यासाठीच तो घातला जातो. नैसर्गिक म्हणजे अहिंसक नव्हे. वापरायचे असेल त्याने ते नाव बदलून वापरू नये.

गृहस्थाची हिंसा शास्त्राने चार प्रकारांत विभागली आहे: संकल्पी, आरंभी, उद्योगी आणि विरोधी. साधूला चारही वर्ज्य. गृहस्थाकडून किमान संकल्पी हिंसेच्या पूर्ण त्यागाची अपेक्षा असते. डहाणू किंवा तलासरीकडे एखाद्याची रोपवाटिका असेल, हजारो कोवळ्या रोपांच्या मुळांना अळी लागली असेल आणि त्यावर घर चालत असेल, तर त्याचा प्रश्न उद्योगी हिंसेचा आहे. तो त्याने आपल्या गुरूंना विचारावा, पिकाचे काय करायचे ते कोसबाड टेकडीवरील कृषी विज्ञान केंद्रात विचारावे. पण गॅलरीतील तीन कुंड्यांवरचे चिलट चावत नाही, रोग देत नाही, कोणाची रोटी हिरावत नाही. त्याला केवळ नजरेला खुपते म्हणून मारणे विरोधी हिंसेत बसत नाही, उद्योगीत बसत नाही आणि आरंभीत ओढूनताणूनच बसेल. उरतो तो पहिला प्रकार.

मग करायचे काय? सर्वांत आधी पाणी थांबवावे. कुंडी पावसाच्या थेट माऱ्यातून काढून उजेड व वारा खेळेल अशा जागी ठेवावी. खालची बशी काढून टाकावी. फरशी खराब होते म्हणून ती हवीच असेल तर कुंडी दोन विटांवर उचलून घ्यावी, म्हणजे तळाचे भोक मोकळे राहील. भोक बुजले आहे का ते काडीने पाहावे. गळालेली फुले, पिवळी पाने मातीवर पडू देऊ नयेत. बोट पहिल्या पेरापर्यंत मातीत घालून कोरडे लागले तरच पाणी घालावे, आणि तेही कुंडीच्या कडेने, कंदाच्या डोक्यावर नव्हे. श्रावणात आठ-आठ दिवस पाणी घालावे लागत नाही, असा अनुभव येईल.

पण इथे एक प्रामाणिक अडचण आहे, ती झाकून चालणार नाही. माती एकदम सुकवली तर तिच्यात असलेल्या अळ्याही मरतील. कुंडी उन्हात तापवणे, तीवर कढत पाणी ओतणे हे उपाय तर उघडच हिंसक आहेत. म्हणून चिलटे दिसू लागल्यावर माती सुकवण्याआधी वरचा थर काढून घ्यावा. अंडी आणि अळ्या बहुतांशी वरच्या दीड-दोन इंचांतच असतात. हाताने किंवा लाकडी कालथ्याने, मुळांना न दुखवता, हा थर अलगद एका पसरट भांड्यात घ्यावा. कंद उपटू नये. तोही जीवच आहे आणि भर वाढीत उपटलेला निशिगंध त्या वर्षी फुलत नाही.

काढलेली माती कुठे टाकायची, हा प्रश्न गौण वाटेल; पण तो गौण नाही. पाणी गाळल्यावर गाळण्यावर राहिलेले जीव ज्या विहिरीचे पाणी असेल त्याच विहिरीत परत सोडायचे, ही जिवाणीची रीत, गुजराती बोलणाऱ्या घरांतला संखारा, आजही वडीलधाऱ्यांच्या आठवणीत आहे. गाळणे अर्धे काम, परत सोडणे उरलेले अर्धे. कुंडीतील मातीचेही तसेच. ती कचऱ्याच्या पिशवीत बांधू नये, मोरीत धुऊन टाकू नये, तापलेल्या गच्चीवर पसरू नये. डहाणू-घोलवडचा चिकू प्रसिद्ध आहे. २०१६ साली त्याला भौगोलिक मानांकनही मिळाले. ज्याच्या ओळखीत एखादी वाडी नाही असा माणूस या भागात विरळाच. चिकूच्या सावलीत पानांचा जाड, ओलसर थर असतो. तिथे ही माती हलकेच परठवावी. चिलटांची अळी मुळात अशाच पाचोळ्यातली रहिवासी आहे. कुजणारे पान खाऊन त्याची माती करणे हे तिचे काम, आणि तिथे ती कोणाच्या ताटावर येत नाही. वाडी नसेल तर कोणत्याही मोठ्या झाडाचा सावलीतला बुंधा चालेल. मात्र वाडीच्या मालकाला विचारून टाकावी. पावसाळ्यात चिकूवर बुरशी येऊन फळगळ होते, त्यामुळे कुजलेल्या कंदाचे तुकडे त्याच्या झाडाखाली नेऊ नयेत.

थर काढल्यावर कुंडीत अर्धा ते पाऊण इंच जाड, धुतलेली, कोरडी वाळू पसरावी. वाळूत पाणी टिकत नाही, बुरशीला खाद्य मिळत नाही, आणि अंडी घालायला आलेली मादी दुसरीकडे जाते. वाळू नदीची, जाडसर असावी. डहाणूच्या किनाऱ्यावरून पिशवी भरून आणण्याचा मोह होईल, तो टाळावा: त्या वाळूतील मिठाने मुळे जळतात, आणि शंख-शिंपल्यांतील बारीक जीव तिच्याबरोबर येतात. कुंडीतून उठलेली जी चिलटे घरात फिरत असतील त्यांच्यासाठी काही करायचे नाही. खिडकी उघडी ठेवावी. दिवसा ती उजेडाकडे आपोआप जातात. जेवताना ताटावर जाळीचे झाकण आणि मंद पंखा पुरे, कारण हे चिलट उडण्यात दुबळे आहे आणि वाऱ्यासमोर टिकत नाही. ओली माती न मिळाल्यास नवी पिढी होत नाही आणि असलेली आपले आयुष्य जगून संपते. तीन-चार आठवडे धीर धरावा लागतो. चिकट कागदाला तीन दिवस लागतात, हे मान्यच आहे.

बशीतील पाण्याविषयी एक वेगळा इशारा. डेंग्यू पसरवणारा एडिस डास अशाच स्वच्छ, साठलेल्या पाण्यात अंडी घालतो आणि उष्ण हवेत आठ-दहा दिवसांत तिथून डास उडतो. इथे घरातील मुलाबाळांच्या जिवाचा प्रश्न येतो. बशी रोज रिकामी करून कोरडी पुसली तर त्या पाण्यात अळी होण्याचा प्रसंगच येत नाही. एकदा अळ्या झाल्या की मग जे करावे लागते त्याची आलोचना करावी लागते. एक फडके आधी फिरवले असते तर ती वेळ आली नसती.

उंबरठ्याचाही विचार आहे. चातुर्मासात गावात साधू-साध्वी असतात, आणि शेषकाळात मुंबईहून गुजरातकडे जाणारे विहार महामार्गाने तलासरीवरून जातात. चातुर्मासाचे मूळ कारणच हे की पावसात वाटेवर जीवोत्पत्ती अमाप होते, पाऊल कुठे टाकावे ते कळत नाही, म्हणून त्यांनी चार महिने एका जागी राहावे. अशा वेळी गोचरीसाठी आलेल्या साध्वीजींना दारातच कुंड्यांचे ओघळलेले पाणी, हिरवी पडलेली फरशी आणि ओल्या हाताने लगबगीने आलेली श्राविका दिसली, तर त्या शांतपणे ‘धर्मलाभ’ म्हणून परततात. लील पडलेल्या जागेवर त्या पाऊल टाकणार नाहीत आणि कच्च्या पाण्याच्या हाताने दिलेले घेणार नाहीत. पोळ्या तव्यावरून नुकत्याच उतरलेल्या असतात आणि लाभ मात्र गेलेला असतो. कुंड्या दारातून हलवून गॅलरीच्या टोकाला नेल्या आणि पाणी गोचरीची वेळ टळल्यावर घातले, की हा खेद वाचतो.

या सर्व कामाला एक मुहूर्त आहे, आणि तो पंचांगात न सापडता मातीत सापडतो. वरचा थर बदलणे, वाळू घालणे, बशी काढणे हे ज्येष्ठातच, पहिल्या पावसाच्या आधी करावे. तेव्हा माती कोरडी असते, चिलटे नसतात आणि हाताखाली विराधना सर्वांत कमी होते. पर्युषणात बहुतेक घरे हिरवी भाजी सोडतात, फूल-पान तोडत नाहीत. त्या दिवसांत कुंडी उकरायला घेणे कोणालाच नको असते. आणि संवत्सरीला चौऱ्यांशी लक्ष जीवयोनींची क्षमा मागताना पिवळा कागद खिडकीला लटकत असेल, तर तो त्याआधी उतरवलेला बरा.

कार्तिकी पौर्णिमेला साधूंचे विहार पुन्हा सुरू होतात. निशिगंधाचे दांडे त्या सुमारास संपत आलेले असतात. मग पाणी हळूहळू कमी करत जावे. थंडीत पाने पिवळी पडू लागली तरी घाबरून झारी उचलू नये; पाने आपोआप वाळू द्यावीत आणि वाळली की कुंडी गॅलरीच्या कोरड्या कोपऱ्यात, न हलवता ठेवून द्यावी. फाल्गुनात वरची माती बोटाने बाजूला करून कंद दाबून पाहावा. टणक लागला तर तो जिवंत आहे आणि झोपलेला आहे. चैत्र-वैशाखात हिरवे टोक दिसले की पहिले पाणी द्यावे, अर्धा तांब्या.